हळकुंड मोडून बघणारा माणूस गेम न बघता कसा घेतो?

मॅडम, नमस्कार.

मी ३२ वर्षांचा आहे, सांगलीत गावभागात राहतो. मार्केट यार्डात वडिलांची हळदीची अडत आहे, ती आता मीच बघतो. सहावीच्या सुट्टीत मावसभावाने प्लेस्टेशन टू आणला, त्यावर स्टार वॉर्सचा 'बॅटलफ्रंट टू' होता, २००५ चा. शेजारचा मित्र आणि मी पडदा अर्धा अर्धा करून अख्खी सुट्टी तोच खेळलो. सिनेमे आम्ही नंतर बघितले. तेव्हापासून स्टार वॉर्स म्हणजे घरचंच काहीतरी होऊन बसलं. २०१९ च्या पुरात प्लेस्टेशन, डीव्हीडी सगळं गेलं. मेमरी कार्ड तेवढं मित्राकडे होतं म्हणून वाचलं.

पण मॅडम, गेली दहा-बारा वर्षं नुसता मनस्ताप आहे. जुन्या कथा आता धरायच्या नाहीत म्हणून सांगून टाकलं. चांगले होणारे गेम मध्येच बंद केले. जे येतात ते अर्धेकच्चे. दर वेळी ठरवतो की आता घ्यायचा नाही, आणि दर वेळी ट्रेलर बघून आधीच पैसे भरतो. मागच्या वेळी तर सगळ्यात महागडी आवृत्ती घेतली. आठवडाभर गेम माझ्या कॉम्प्युटरवर अडखळतच चालला. दुरुस्त होईल म्हणून थांबलो, तर पैसे परत मागायची मुदत निघून गेली.

त्या रागात रात्री दोन-दोन वाजेपर्यंत फोनवर भांडत बसतो. एका रात्री नव्या मालिकेतल्या एका अभिनेत्रीला फार घाणेरडं लिहिलं. सकाळी पुसून टाकलं, पण मनातून जात नाही. मित्र आता पुण्यात असतो. त्याला नवीन सगळं आवडतं. 'तुझ्यासारख्यांमुळेच यांचं फावलं' असं मी त्याला चारचौघांत बोललो आणि ग्रुप सोडला. गेल्या महिन्यात त्याच्या मुलीचं बारसं झालं. बोलावणं आलं होतं, मी गेलो नाही. नाव काय ठेवलं तेही माहीत नाही.

वडील म्हणतात, घोड्याएवढा झालास तरी खेळण्यासाठी रडतोस. मी वेडा आहे का? हे सगळं सोडून द्यावं का?

– गावभागातला एक जुना जेडाय

*

बारशाचं तू अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंस. माझ्या मते तुझं पत्र तिथून सुरू होतं. पण तिथवर जायच्या आधी तुझ्या रागाचं बघू, कारण तो राग खोटा नाही, आणि 'खेळण्यासाठी रडतोस' म्हणून तो झटकून टाकणाऱ्यांतली मी नाही.

मिरजेत माझा कॉम्प्युटर क्लास होता. शेवटची बॅच साडेआठला सुटायची. पोरं गेली की मी शटर अर्धं खाली ओढायची, खिडकीजवळचं एक मशीन चालू ठेवायची आणि तासभर 'नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक' खेळायची. २००३ सालचा गेम. सिनेमांच्या काही हजार वर्षं आधीची कथा, त्यामुळे ओळखीचं एकही माणूस त्यात नाही, आणि तरी ते जग ओळखीचं. मध्यावर आपण ज्याला खेळवतोय त्या माणसाला स्वतःची खरी ओळख कळते. ती रात्र मला अजून आठवते. मशीन बंद करून कुलूप लावलं आणि रिक्षा न करता चालत घरी गेले, कारण मला ते कुणाशी बोलता येत नव्हतं आणि चालल्याशिवाय ते आत मावतही नव्हतं. तेव्हा मी तुझ्या आजच्या वयाच्या आसपास होते. त्यामुळे तू वेडा आहेस का, याचं उत्तर मी एका शब्दात देते. नाहीस.

आता वडिलांना हे कसं समजवायचं? मला वाटतं तुझे वडील सांगलीचे आहेत म्हटल्यावर त्यांना समजणं अवघड नाही. याच गावात १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने 'सीता स्वयंवर' उभं केलं. नाट्यपंढरी म्हणून आपण मिरवतो ते त्यामुळे. पण १८५१ मध्ये राजेसाहेब गेले, आश्रय सुटला, आणि १८५३ मध्ये भावे मंडळी घेऊन मुंबईला तिकीट लावून खेळ करत होते. त्या दोन वर्षांत काय बदललं ते नीट बघ. नाटक तेच, सोंगं तीच. पण समोर बसलेला माणूस आता दोन माणसं झाला. एक रसिक, आणि एक तिकिटाचे पैसे मोजलेलं गिऱ्हाईक. खुर्ची एकच.

तुझी सगळी गोची त्या खुर्चीत आहे. तू गिऱ्हाईक म्हणून फसलास की रसिक म्हणून दुखावतोस, आणि रसिक म्हणून दुखावलास की गिऱ्हाईक म्हणून पुन्हा पैसे भरतोस, की या वेळी तरी जखम भरेल. अडतीवर असं करशील का? शेतकऱ्याचं खातं आणि व्यापाऱ्याचं खातं एकाच पानावर लिहिलं तर दिवाळीला हिशेब लागेल का? दोन पानं कर.

आधी गिऱ्हाइकाचं पान.

तुला जे बिघडलंय असं वाटतं त्यातलं बरंच तारखेनिशी दाखवता येतं. ऑक्टोबर २०१२ मध्ये स्टार वॉर्सचा जनक जॉर्ज लुकासने आपली कंपनी डिस्नेला विकल्याचं जाहीर झालं, चार अब्ज डॉलरहून थोड्या जास्त किमतीला. एप्रिल २०१३ मध्ये तिच्या लुकासआर्ट्स या गेमच्या शाखेत गेम बनवणं थांबलं आणि '१३१३' नावाचा, सगळे डोळे लावून बसलेला गेम तिथेच संपला. पुढच्याच महिन्यात मोठ्या गेमचे हक्क इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या एकाच कंपनीकडे गेले. पूर्वी ज्या मैदानात चार-पाच मंडळी आपापला फड लावायची, तिथे एकच तंबू राहिला. ऑक्टोबर २०१७ मध्ये त्या तंबूतला व्हिसरल स्टुडिओ बंद झाला, आणि तिथे घडत असलेला स्टार वॉर्सचा गेमही गेला. दुसऱ्या कंपनीला मोठा गेम करायला मिळणार हे कळायला २०२१ चा जानेवारी उजाडला. त्याच वर्षी सप्टेंबरात माझ्या त्या २००३ च्या गेमची नवी आवृत्ती येणार म्हणून जाहीर झालं. मी त्या रात्री लहान मुलासारखी खूश झाले होते. चार वर्षं उलटून गेली तरी गेम हातात नव्हता.

आणि तारखांचंच आणखी एक. २०१५ चा 'बॅटलफ्रंट' १७ नोव्हेंबरला आला आणि नवा सिनेमा १८ डिसेंबरला. २०१७ चा 'बॅटलफ्रंट टू' पुन्हा १७ नोव्हेंबरलाच, आणि सिनेमा १५ डिसेंबरला. गेम शिजला की नाही हे बघून तारीख ठरत नव्हती, सिनेमाच्या मुहूर्तावरून ठरत होती. २०१५ च्या गेममध्ये एकट्याने खेळायची कथाच नव्हती, आणि सिनेमाबरोबर बाजारात आणायचा म्हणून आम्ही जाणूनबुजून ती केली नाही, हे पुढे कंपनीच्याच वरिष्ठांनी सांगितलं. हळदवाल्याला मी काय सांगू? नऊ महिन्यांचं पीक. लग्नाची तारीख आली म्हणून सातव्या महिन्यात काढलंस, तर शिजवून, वाळवून, पॉलिश करूनही आत रंग भरायचा नाही. वरून पिवळं दिसेल, एवढंच.

इथे मला तुझा सगळ्यात जास्त राग आला, म्हणून स्पष्ट लिहिते. यार्डात सौद्याला माणसं काय करतात? ढिगातलं एक हळकुंड उचलतात, कट्कन मोडतात, मोडलेली बाजू उजेडाकडे धरतात. आतला रंग बघतात, अंगठ्याने चोळून बघतात, वास घेतात. मग भाव बोलतात. पोत्यावर कितीही छान छापलेलं असो, न मोडता कुणी बोली लावत नाही. तुझा जन्म त्या ढिगांत गेला. आणि तोच तू गेमला मात्र पोत्याचं चित्र बघून, माल यायच्या सहा महिने आधी, सगळ्यात चढा भाव देतोस.

प्री-ऑर्डर पूर्वी कशासाठी होती? दुकानात डबे मोजके यायचे, आधी नाव नोंदवलं नाही तर मिळायचा नाही. आता डाऊनलोडचा माल संपत नाही. मग आधी पैसे भरून तुला मिळतं काय? एखादा रंगीत पोशाख, आणि तीन दिवस आधी खेळायला मिळतं. म्हणजे तीन दिवस आधी तू त्यांच्या चुका शोधून देणार, तेही पदरचे जास्त पैसे घालून.

हळकुंड मोडायची सोय गेमलाही आहे, ती वापर. स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलास तर खरेदीपासून १४ दिवसांत आणि खेळून २ तास व्हायच्या आत पैसे परत मागता येतात. आगाऊ घेतलेला असेल तर गेम निघेपर्यंत कधीही, आणि निघाल्यावर पुन्हा तीच १४ दिवस-२ तासांची मोजणी. एक लक्षात ठेव, महागड्या आवृत्तीत तीन दिवस आधी खेळायला मिळतं तो वेळही २०२४ पासून या दोन तासांत धरतात. म्हणून ते दोन तास कथेत हरवून घालवू नकोस. पहिल्या पंधरा मिनिटांत सेटिंग बघ, मग सगळ्यात गर्दीची, धुराची, स्फोटांची जागा गाठ आणि तिथे मशीन अडखळतं का बघ. अडखळलं तर त्याच दिवशी परत कर. 'दुरुस्त करतील' म्हणून थांबायचं नाही. दुरुस्त केला की पुन्हा घ्यायला तुला कुणी अडवलेलं नाही, आणि तोवर तो स्वस्तही झालेला असेल. घेण्याआधी सहा महिने थांबलास तर उत्तमच. कथा शिळी होत नाही.

तू म्हणशील, एकट्या माझ्या थांबण्याने कुणाला काय फरक पडतो? पडतो, आणि त्याचा दाखला तुझ्याच आवडत्या नावाचा आहे.

२०१७ च्या 'बॅटलफ्रंट टू'मध्ये डार्थ व्हेडर हे पात्र मिळवायला ६० हजार क्रेडिट, म्हणजे गेममधले पैसे, लागायचे. खेळाडूंनी हिशेब मांडला, एका पात्रासाठी सुमारे ४० तास. पुढे जायचा जवळचा रस्ता म्हणजे खरे पैसे देऊन पेट्या, म्हणजे 'लूट बॉक्स', उघडायच्या, आत काय निघेल ते नशीब. कंपनीने रेडिटवर खुलासा केला, त्यावर साडेसहा लाखांहून जास्त लोकांनी नापसंती नोंदवली. तो गिनीजचा विक्रम ठरला. पण नुसत्या अंगठ्यांनी काही झालं नसतं. लोकांनी आगाऊ भरलेले पैसे परत मागायला सुरुवात केली, खेळायच्या आधीच बातम्या जगभर गेल्या. आधी ६० हजारांचे १५ हजार झाले, आणि गेम निघायच्या आदल्या दिवशी, १६ नोव्हेंबरला, पैसे देऊन विकत घ्यायची सगळी खिडकीच बंद झाली. मार्च २०१८ मध्ये पात्रांची ताकद वाढवणारी कार्डं फक्त खेळूनच मिळतील असा बदल आला. त्याच वर्षी बेल्जियमने पैशाने घ्यायच्या अशा पेट्या जुगार ठरवल्या. पुढची दोन वर्षं त्याच स्टुडिओतली माणसं त्या गेमवर राबली. ओबी-वान, ग्रिव्हस, डूकू, अनाकिन ही पात्रं, नवी मैदानं, सगळं फुकट. एप्रिल २०२० मध्ये शेवटचा मोठा भर पडला तेव्हा तो गेम बघण्यासारखा झाला होता, आणि २०२५ च्या मे महिन्यात खेळाडूंनीच एकमेकांना हाका मारून तो पुन्हा भरवला.

म्हणजे राग फुकट गेला नाही. पण कुठला राग कामी आला ते बघ. नेमकं काय खटकलं ते आकड्यात सांगणारा, आणि खिशाचं तोंड बंद करणारा.

याची आणखी एक रीत मला फार आवडते. २०१२ मध्ये 'मास इफेक्ट ३' या दुसऱ्या एका विज्ञानकथेच्या गेमचा शेवट लोकांना पटला नाही. तीन शेवट होते, पण लाल, हिरवा, निळा एवढाच काय तो फरक, असं त्यांचं म्हणणं. चाहत्यांनी वर्गणी काढली आणि बनवणाऱ्यांच्या कचेरीत चारशेच्या आसपास कपकेक पाठवले. वर लाल, हिरवं, निळं क्रीम, आत चव एकच. कंपनीने ते तरुण मुलांच्या आसऱ्याच्या जागी वाटून टाकले. जूनमध्ये शेवट वाढवून, समजावून सांगणारा भाग आला, तोही फुकट. शिवी न देता निषेध एवढा नेमका पोचवता येतो.

आणि आता ती अभिनेत्री.

यात मी तुला सांभाळून घेणार नाही. १९९९ च्या स्टार वॉर्सच्या सिनेमात जार जार या विनोदी पात्राचं काम अहमद बेस्ट या नटाने केलं. ऐन पंचविशीतला पोरगा. पात्र लोकांना आवडलं नाही. आवडू नये असं वाटणं हा ज्याचा त्याचा हक्क. पण लोक त्या पात्रावर थांबले नाहीत, त्या पोरावर तुटून पडले. जवळजवळ वीस वर्षांनी, २०१८ मध्ये, त्याने आपल्या लहान मुलाबरोबरचा ब्रुकलिन पुलावरचा फोटो टाकला आणि लिहिलं की त्या काळात आपण जीव द्यायच्या काठावर पोचलो होतो. त्याच वर्षी स्टार वॉर्सच्याच नव्या सिनेमातल्या केली मरी ट्रान या अभिनेत्रीने छळाला कंटाळून आपलं इन्स्टाग्रामचं पान कोरं केलं. संवाद तिने लिहिले नव्हते. तारीख तिने ठरवली नव्हती. लूट बॉक्सशी तिचा संबंध नव्हता. दिसणारा चेहरा तिचा होता, एवढाच तिचा गुन्हा.

अडतीवर भाव पडला म्हणून कुणी हमालाच्या अंगावर जातं का? जाणाऱ्याला यार्डात उभं करतील का?

तू ते सकाळी पुसलंस आणि ते तुझ्या मनातून जात नाही, हे मला बरं वाटलं. जाऊ देऊही नकोस. पण आता माफी मागायला म्हणून तिला पुन्हा काही लिहू नकोस. तुझं मन हलकं करणं हे तिचं काम नाही. रात्री अकराला फोन माजघरात ठेवून झोप. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. तुझ्या पत्रातली सगळ्यात लाज वाटण्यासारखी गोष्ट रात्रीच घडली आहे.

(अहमद बेस्ट २०२३ मध्ये 'मँडलोरियन' मालिकेत परत आला. या वेळी जेडाय योद्धा म्हणून, हातात दोन लाइटसेबर, म्हणजे प्रकाशाच्या तलवारी, घेऊन, ग्रोगू नावाच्या छोट्या पिल्लाला वाचवणारा. तो प्रसंग मी तीनदा बघितला. नवीन सगळंच वाईट आहे असं म्हणायच्या आधी तो बघ.)

आता दुसरं पान, रसिकाचं. हे लिहिताना माझा हात हलका होतो.

जुनं ते सोनं, असं तू धरून बसला आहेस. पण तारीख काढून बघ. तुझा लाडका 'बॅटलफ्रंट टू' नोव्हेंबर २००५ चा. त्याच नोव्हेंबरात 'स्टार वॉर्स गॅलॅक्सीज' या ऑनलाइन गेमची घडीच मोडली. तिथे माणसं दोन-दोन वर्षं राबून शिंपी, वैद्य, शिकारी, दुकानदार झाली होती. एका बदलात ते जग ओळखू येईनासं झालं, आणि १५ डिसेंबर २०११ ला ते बंदच पडलं. तू आणि तुझा मित्र ज्या काळात हसत होता, त्याच काळात कुणीतरी तुझ्यासारखंच रडत होतं. तेव्हा स्टार वॉर्स डिस्नेकडे नव्हतं.

माझंही तसंच. त्या २००३ च्या गेमचा दुसरा भाग मी २००५ मध्ये खेळले. लेखन असं, की त्यातल्या क्रेयाचे संवाद मला आजही तोंडपाठ आहेत. पण शेवटाकडे कथा अचानक विरळ झाली. बरोबरची माणसं एकेक करून दिसेनाशी झाली, त्यांचं काय झालं ते कुणी सांगेना. सव्वा-दीड वर्षात उरकलेलं काम होतं ते. मी दोन दिवस चिडून होते. मग कळलं की कापलेले भाग पूर्ण पुसलेलेच नाहीत. ध्वनिमुद्रित संवाद, अर्धवट प्रसंग, यंत्रमानवांचा एक अख्खा कारखाना, सगळं गेमच्या फायलींमध्ये पडून आहे. चाहत्यांनी ते शोधलं. एकेक संवाद कुठे बसतो ते ताडलं, तुटलेलं सांधलं. कित्येक वर्षं, कुणाकडून एक पैसा न घेता. २०१५ मध्ये स्टीमवर तो जोडभाग एका क्लिकवर मिळू लागला. मी पुन्हा शेवटापर्यंत गेले, आणि दहा वर्षांपूर्वी हरवलेली माणसं मला भेटली.

तुझ्या गल्लीत पुरानंतर काय झालं होतं, आठव. भिजलेले फोटो लोकांनी दोरीवर चिमटे लावून वाळवले होते. ज्यांचा कोपरा गेला होता तेही जपून ठेवले. ते काम तसलंच आहे.

'जुन्या कथा आता धरायच्या नाहीत', एप्रिल २०१४ मध्ये हे जाहीर झालं तेव्हा मलाही लागलं. पण धरायच्या नाहीत म्हणजे कुणी? पुढचा सिनेमा लिहिणाऱ्यांनी. त्यांना वीस-पंचवीस वर्षांच्या कादंबऱ्यांचं ओझं नको होतं, हे मी समजू शकते. त्यांनी त्यांच्या वहीत नवं पान काढलं, तुझ्या वहीतलं पान फाडलं नाही. आपल्याकडे कीर्तनकार उभा राहिला की कुणी विचारतं का, बुवा, ही कथा अधिकृत धरायची का? तो आपली रंगवतो, पुढचा बुवा आपली रंगवतो. जी ऐकणाऱ्याच्या मनात बसते ती त्याची होते. त्या रात्री मिरजेत मी जी कथा डोक्यात घेऊन चालत गेले, तिला कुठल्या कचेरीच्या शिक्क्याची गरज नव्हती.

म्हणून सोडून देऊ का, असं विचारतोस त्याला माझं उत्तर: जे तुझं आहे ते सोडू नकोस, फक्त ते तुझ्या हाताशी ठेव. जुने गेम गॉग या ऑनलाइन दुकानात बिनकुलपाचे मिळतात, म्हणजे एकदा उतरवून घेतले की त्यांच्या सर्व्हरला न विचारता चालतात. २००५ चा तुझा गेमही तिथे आहे. इन्स्टॉलर एका हार्ड डिस्कवर घे, दुसऱ्या एका डिस्कवर उतरव. एक घरात ठेव, एक अडतीवर. घरातली माळ्यावर. तुला आणि मला माळ्यावर म्हणजे किती उंच ते वेगळं सांगायला नको.

आणि आता बारसं.

तुझा मित्र तुझ्यासारखाच त्या अर्ध्या पडद्यासमोर बसला होता. त्याला नवं आवडतं म्हणजे त्याने जुनं विकलं असं नाही. २०१९ चा 'फॉलन ऑर्डर' मलाही आवडला. एकट्याने खेळायचा, आत पैसे मागत न बसणारा, आणि हरलेल्या माणसाची गोष्ट नीट सांगणारा. मित्राने तो आवडीने खेळला असेल तर त्यात त्याने तुझं काय बिघडवलं? वरच्या पानभर मजकुरात कितीतरी गोष्टींवर बोट ठेवलं मी. कंपन्या विकल्या गेल्या, स्टुडिओ बंद झाले, सिनेमाच्या तारखा आडव्या आल्या. त्यात पुण्यात राहणारा, घरी तान्हं बाळ असणारा एक पोरगा तुला कुठे दिसला का? चारचौघांत तू त्याला जे बोललास ते कंपनीला बोलायचं होतं. कंपनी समोर नव्हती, तो होता.

शिवाय तो मेमरी कार्ड जपून आहे, हे तूच लिहिलंस. चालवायला मशीन नाही, आठ एमबीचा प्लास्टिकचा तुकडा. गाव आणि घर बदलताना माणूस असल्या वस्तू टाकून देतो. त्याने टाकलेला नाही.

फोन करू नकोस, मेसेज तर नकोच. रविवारी सकाळची स्वारगेटची एसटी पकड. जाताना घरच्या राजापुरी हळदीचं अर्धा किलोचं पुडकं घे, बाळंतिणीला दुधातून द्यायला लागेल. त्याच्यासाठी भडंग घे, आपल्या हातचं, पुण्यात मिळतं ते नको. त्याच्या बायकोला आधी भेट, बारशाला न आल्याबद्दल तिची माफी माग, कारण तुमच्या भांडणात तिचा काहीच हात नव्हता आणि तरी तिच्या घरच्या कार्यात एक खुर्ची रिकामी राहिली. त्याला मात्र लांबण लावू नकोस. 'मी चुकलो' एवढं म्हण. कुठला गेम चांगला, कुठला सिनेमा वाईट, यातलं चहा होईपर्यंत काही काढू नकोस. त्याने काढलं तर ऐकून घे.

आणि बाळाला हातात घेण्याआधी नाव विचार. कुणाकडून कळलेलं नको. त्याच्या तोंडून ऐक.